रक्तातला आकडा आणि आपले माप

बहारीनला नोकरीसाठी गेलेल्या माणसाला सलमानिया हे नाव कुणी शिकवावे लागत नाही. मनामा शहराच्या या भागात देशातले सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय आहे, आणि अपघात असो, पक्षाघात असो, की रात्री अचानक आलेली फिट असो, टॅक्सीवाल्याला एवढा एकच शब्द सांगितला तरी पुरतो. रुग्णालयाला लागूनच अरेबियन गल्फ युनिव्हर्सिटीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच विद्यापीठात रेणूवैद्यक व आनुवंशिक आजारांवर काम करणारे अल-जौहरा केंद्र. या केंद्राची धुरा बराच काळ डॉ. मोइझ बखीत यांच्याकडे होती. ते मूळचे सुदानचे. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या प्रतिकारशक्तीच्या गोंधळावर संशोधन करून ते इकडे आले. अरबी वाचक त्यांना कवी म्हणूनही ओळखतात, आणि कदाचित तीच त्यांची मोठी ओळख असावी.

मज्जासंस्थेच्या आजारांत रक्तात उतरणाऱ्या प्रथिनांवरच्या मराठी पुस्तकाची प्रस्तावना सलमानियापासून का सुरू करायची, असा प्रश्न पडेल. कारण आहे आणि ते नागपूरपर्यंत जाते. पण आधी प्रथिनांकडे वळू.

मज्जापेशीला एक लांब शेपटासारखा भाग असतो, त्याला ॲक्सॉन म्हणतात. कंबरेजवळच्या मज्जारज्जूतून निघालेला ॲक्सॉन थेट पायाच्या अंगठ्याच्या स्नायूपर्यंत जातो. म्हणजे एकच पेशी, आणि तिची लांबी जवळजवळ मीटरभर. एवढ्या लांब, केसाहून कितीतरी बारीक नळीला आतून आधार हवा. तो आधार न्यूरोफिलामेंट नावाच्या प्रथिनांच्या तंतूंचा. या प्रथिनांचे वजनानुसार प्रकार आहेत. त्यांतला सर्वांत हलका तो ‘न्यूरोफिलामेंट लाइट’, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘एनएफएल’. ॲक्सॉन धडधाकट असतो तोवर हे प्रथिन आतच राहते. थोडीफार गळती प्रत्येकाच्या शरीरात होते आणि वयाबरोबर ती वाढत जाते. ॲक्सॉन तुटला, सुजला किंवा मेला की मात्र हे प्रथिन आधी मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात आणि तिथून रक्तात येते.

या पाण्यात ते मोजता येते हे बऱ्याच आधी कळले होते. 1996 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे लार्स रोझेनग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एएलएस या मज्जापेशींच्या आजाराच्या आणि अल्झायमरच्या रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात एनएफएल वाढलेले दाखवले. अडचण होती ती पाणी काढण्याची. ‘मणक्यातून पाणी काढले की माणूस कायमचा अधू होतो’ ही समजूत आपल्याकडे किती घट्ट आहे हे कुठल्याही तालुक्याच्या डॉक्टरला विचारा. ती समजूत खोटी आहे. तरी ज्या चाचणीसाठी दर तीन महिन्यांनी पाठीत सुई घालावी लागेल ती चाचणी कुठल्याच देशात रोजच्या वापरात येणार नाही, हेही तितकेच खरे.

रक्तात हेच प्रथिन पाण्याच्या मानाने कित्येक पटींनी कमी असते. निरोगी तरुण माणसाच्या एक मिलिलिटर सीरममध्ये ते काही पिकोग्रॅम भरते. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. 1971 साली स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमान यांनी मांडलेली एलायझा पद्धत आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॅबमध्येही रोज वापरली जाते, पण इतक्या खाली तिची नजर पोचत नाही. एलायझात रंगाची गडदता मोजतात. प्रथिन फारच थोडे असेल तर रंग इतका फिका पडतो की रिकाम्या नळीत आणि त्यात फरक कळत नाही.

ही अडचण सुटली ती मोजण्याची पद्धतच बदलल्यामुळे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचे डेव्हिड वॉल्ट आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गटाने 2010 साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त एक पद्धत प्रसिद्ध केली, पुढे ती ‘सिमोआ’ या नावाने यंत्रात आली. प्रतिपिंड लावलेले चुंबकीय मणी नमुन्यात सोडायचे. मणी इतके जास्त आणि प्रथिन इतके थोडे की एका मण्यावर फार तर एकच रेणू बसतो, बरेचसे मणी मोकळेच राहतात. मग हे मणी लाखो सूक्ष्म खळग्यांत टाकायचे, एका खळग्यात एक मणी. ज्या मण्यावर रेणू बसला आहे त्याला जोडलेले एन्झाइम आपल्या खळग्यातले द्रव्य उजळवते आणि तो खळगा चमकतो. शेवटी कॅमेऱ्याने चमकलेले खळगे मोजायचे. फिका रंग किती फिका हे ठरवण्याऐवजी ‘चमकला की नाही’ एवढाच प्रश्न उरतो. बायोकेमिस्ट्रीच्या बाकावर आयुष्य घालवलेल्या माणसाला ही युक्ती पहिल्यांदा वाचताना आनंद झाल्याशिवाय राहत नाही. मोठा शोध नेहमी अवघडच असतो असे नाही, याचे हे उदाहरण.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे एनएफएलची होती. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये झटका आला की रक्तातले एनएफएल वाढते आणि औषध लागू पडले की काही महिन्यांत उतरते, असे एकामागोमाग एक अभ्यास सांगू लागले. अमेरिकन सैनिकांच्या साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर पहिले लक्षण दिसण्याच्या कित्येक वर्षे आधीच, साधारण सहा वर्षांपूर्वीपासून, हा आकडा वर सरकू लागलेला आढळला. म्हणजे ज्या दिवशी रुग्णाला एका डोळ्याने धूसर दिसू लागले, त्या दिवशी आजार सुरू झालेला नव्हताच, तो त्याआधीच सुरू होता.

एनएफएलचे सगे-सोयरेही आहेत. जीएफएपी हे मेंदूतल्या आधारपेशींचे, ॲस्ट्रोसाइटचे प्रथिन. 1970च्या सुमारास लॉरेन्स एंग यांनी ते वेगळे केले तेच मुळी मल्टिपल स्क्लेरोसिसने मेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या चट्ट्यांमधून. यूसीएच-एल1 हे मज्जापेशीच्या शरीरातले प्रथिन. डोक्याला मार लागल्यावर ही दोन्ही काही तासांतच रक्तात चढतात, म्हणून 2018 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जोडीच्या चाचणीला मान्यता दिली. हेतू मर्यादित होता, मार लागून बारा तास व्हायच्या आत सीटी स्कॅनची गरज आहे की नाही हे ठरवायला मदत व्हावी एवढाच. एनएफएल याच्या उलट सावकाश वाढते. पक्षाघातानंतर त्याचा माथा दोन-तीन आठवड्यांनी येतो. म्हणून तातडीच्या खोलीत त्याचा उपयोग नाही, आणि महिन्याने नुकसान किती झाले हे पाहायला जीएफएपीचा फारसा उपयोग नाही. कोणते प्रथिन केव्हा पाहायचे हे न समजता सगळीच ‘पॅनेल’ म्हणून मागवणाऱ्या डॉक्टरांना या पुस्तकातले एक प्रकरण तरी वाचायला द्यावे. अल्झायमरसाठी टाउ प्रथिनाचे एक विशिष्ट रूप, पी-टाउ 217, आता रक्तात मोजले जाते आणि 2025च्या मे महिन्यात अशा पहिल्या रक्तचाचणीला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिचा विषय वेगळा आहे. ती नुकसान किती झाले हे सांगत नाही, नुकसान कुठल्या आजाराने झाले असावे हे सुचवते.

या सगळ्यात एनएफएलची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती एएलएसच्या औषधाने. एएलएसमध्ये हातापायांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. काही घराण्यांत याचे मूळ एसओडी1 नावाच्या जनुकातल्या बिघाडात असते. या बिघाडावर थेट घाव घालणारे टोफरसेन हे औषध 108 रुग्णांवर तपासले गेले. अठ्ठावीस आठवड्यांनी निकाल पाहिला तर रुग्णांच्या हालचालींत ठरलेल्या निकषावर फरक दिसला नाही. रक्तातले एनएफएल मात्र ठळकपणे उतरले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीपुढे प्रश्न आला, ही उतरण पुढे रुग्णाला फायदा होईल असे मानायला पुरेशी आहे का? नऊपैकी नऊ सदस्यांनी ‘हो’ म्हटले. 25 एप्रिल 2023 रोजी औषधाला सशर्त, त्वरित मान्यता मिळाली. एका प्रथिनाच्या आकड्यावर मज्जासंस्थेच्या आजाराचे औषध बाजारात आले. हे धाडस होते आणि माझ्या मते योग्य होते, कारण एएलएसच्या रुग्णाकडे वाट पाहायला वेळ नसतो. पण ज्याला हा आधार घेऊन उद्या प्रत्येक आजारात, प्रत्येक महागड्या गोळीसाठी ‘एनएफएल उतरले’ एवढ्यावर दार उघडून हवे असेल, त्याला थांबवायलाही हवे.

कारण एनएफएल आजाराचे नाव सांगत नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून कौले वाहत आली तर वरच्या अंगाला कुठेतरी घर पडले एवढे कळते. कुणाचे पडले आणि कशाने, ते वर जाऊनच पाहावे लागते. मल्टिपल स्क्लेरोसिस, एएलएस, हंटिंग्टन, पक्षाघात, डोक्याचा मार, मधुमेहाने झिजलेल्या पायाच्या नसा, सगळीकडे आकडा वाढतो. मूत्रपिंड मंदावले तरी वाढतो, कारण तिथून निचरा कमी होतो. वय वाढले की वाढतो. आणि गंमत म्हणजे वजन वाढले की कमी होतो, बहुधा जास्त रक्तात तेवढेच प्रथिन पातळ होते म्हणून.

इथे पुन्हा सलमानियाला जाऊ.

2022 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथील येन्स कुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त एनएफएलची वय आणि वजन लक्षात घेऊन केलेली संदर्भ-कोष्टके प्रसिद्ध केली. पाच हजारांहून अधिक निरोगी माणसांचे रक्त त्यामागे होते. या विषयात एवढे चोख काम दुसरे नाही. पण ती माणसे युरोप-अमेरिकेतली होती. आखाती देशांत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही जास्त. लठ्ठपणा आकडा खाली ओढतो. मधुमेहाने नसा आणि मूत्रपिंड झिजले असतील तर तो वर ढकलला जातो. चाळिशीतल्या बहारीनी शिक्षकाचा आणि बाझलच्या चाळिशीतल्या सायकलस्वाराचा ‘निरोगी’ आकडा एकच असेल असे गृहीत धरायला आधार कुठे आहे? आणि तिथे काम करणाऱ्या आपल्या माणसांचे काय? त्यांतला कुणी कडाक्याच्या उन्हात बांधकामावर, कुणी वातानुकूलित कचेरीत खुर्चीत दिवस काढणारा. वजन बेतास बात पण पोटावर चरबी, आणि चाळिशीतच साखर, हा ओळखीचा भारतीय नमुना. वजनाचे उंचीशी जे गुणोत्तर युरोपियन माणसात ‘सडपातळ’ दाखवते तेच आपल्यात तसे असतेच असे नाही.

सलमानियापासून सुरुवात करण्याचे दुसरे कारण सिकल सेलचे. बहारीनमध्ये हा आजार घरोघर माहीत आहे. डॉ. शेखा अल-अरय्यद यांच्या पुढाकाराने 1999 साली शाळेतल्या 5,685 विद्यार्थ्यांची तपासणी झाली, तेव्हा 1.2 टक्के मुलांना आजार आणि 13.8 टक्के मुले वाहक निघाली. पुढे 2004 साली लग्नाआधीची तपासणी कायद्याने बंधनकारक झाली. सिकल सेलमध्ये रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मेंदूत तुंबल्या तर पक्षाघात. पण त्याहून वाईट, कारण न दिसणारा, तो ‘मूक’ पक्षाघात. हातपाय चालतात, बोलणे ठीक असते, फक्त मूल वर्गात मागे पडते. अमेरिकेत केलेल्या एमआरआय अभ्यासांत सिकल सेलच्या गंभीर प्रकारातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांच्या मेंदूत वयाच्या सहा वर्षांच्या आत असे डाग दिसले आहेत. असे डाग असलेल्या मुलांना नियमित रक्त दिले तर पुढचे डाग कमी पडतात, हे 2014 साली सिद्ध झाले. पण प्रत्येक मुलाचा एमआरआय कोण करणार, आणि पाच वर्षांच्या पोराला त्या नळीत अर्धा तास निश्चल कसे निजवणार? म्हणून रक्तातल्या प्रथिनांकडे नजर वळते. 2011 साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने सिकल सेलच्या मुलांच्या रक्तातले जीएफएपी मोजले, आणि काही मुलांत ते वाढलेले आढळले. हा रस्ता अजून कच्चा आहे, पण दिशा बरोबर आहे.

आता नागपूर. 1986 साली जगभरच्या सिकल जनुकांची पाहणी झाली तेव्हा कळले की पूर्व अरबस्तानातले आणि भारतातले सिकल जनुक एकाच घडणीचे आहे. आफ्रिकेतल्या घडणींपासून ते वेगळे आहे. त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. बहारीनमधल्या बहुसंख्य रुग्णांत आणि विदर्भातल्या रुग्णांत हीच घडण. मध्य भारतात सिकल वाहक आहेत हे 1958 साली नागपूरहून ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते, पण गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर आणि विदर्भातल्या दलित वस्त्यांत हे जनुक घराघरात आहे, हे तिथल्या आयांना लॅन्सेटशिवायही कळलेले होते. या घडणीत बाळपणीचे हिमोग्लोबिन जास्त काळ टिकते, त्यामुळे आजार सौम्य असतो असे पुस्तकांत लिहिलेले असे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांच्या गटाने नवजात बाळांपासून पाठपुरावा केला तेव्हा विदर्भातला आजार तितकासा सौम्य नाही हे दिसले. एकच जनुक, पण अन्न, संसर्ग, रक्तक्षय, उपचार मिळायला लागणारा वेळ यांनी दोन किनाऱ्यांवर दोन आजार घडवले.

म्हणूनच माझा आग्रह एवढाच की आकडा रक्तातला असला तरी माप आपल्या माणसांचे हवे. सलमानियाजवळच्या प्रयोगशाळांनी आखाती माणसांचे, नागपूर-मुंबईच्या प्रयोगशाळांनी इथल्या माणसांचे निरोगी आकडे मोजून ठेवले पाहिजेत, वय, वजन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) आणि साखर यांसह. मुलांचे तर वेगळेच, कारण तान्ह्या बाळात एनएफएल जास्त असते आणि वाढत्या वयात आधी ते उतरते. गडचिरोलीतले सिकल सेल असलेले हडकुळे सात वर्षांचे मूल बाझलच्या कोष्टकात कुठल्या रकान्यात बसवणार? सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै 2023 मध्ये सुरू झाली. तपासणीची एवढी मोठी यंत्रणा उभी राहतेच आहे, तर त्यातल्या थोड्या निरोगी मुलांचे एक-एक मिलिलिटर सीरम उणे ऐंशी अंशांवर साठवून ठेवणे हा फार मोठा खर्च नाही. एनएफएलचे एक बरे आहे, ते चिवट आहे. खोलीच्या तापमानाला काही तास राहिले किंवा एक-दोनदा गोठून वितळले तरी आकडा फारसा बिघडत नाही. अल्झायमरमधले अमायलॉइड हे प्रथिन तसे नाही. ते प्लॅस्टिकच्या नळीच्या भिंतीलाच चिकटून बसते आणि नमुना दोन-तीनदा ओतला तरी कमी भरते. त्यामुळे गडचिरोलीतल्या एटापल्लीहून नागपूरला नमुना पाठवायचा तर एनएफएलचा पाठवावा.

हे वाचून कुणाला वाटेल, यंत्र आले की डॉक्टरची परीक्षा संपली. तसे होणार नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी 1971 साली मंद डोळ्यांचा अटॅक्सिया वेगळा ओळखला तो रुग्णाला एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे पाहायला सांगून. आज तोच आजार एससीए2 म्हणून जनुकावर सापडतो आणि त्यात एनएफएलही वाढते, पण डोळ्यांची चाल मंद आहे हे रक्त सांगत नाही. डॉ. भीम सिंघल यांच्या पिढीने मल्टिपल स्क्लेरोसिस हा ‘गोऱ्यांचा आजार’ आहे ही समजूत भारतात मोडली. 1985 साली मुंबईत रहमत फझलभॉय यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी केली तेव्हा बहुतेक रुग्णांना आपल्या आजाराचे नावही उच्चारता येत नव्हते. ज्यांनी हातोडी, ट्यूनिंग फोर्क आणि कान यांच्या बळावर एवढे ओळखले, त्यांच्या हातात हे यंत्र असते तर त्यांनी ते तपासणीच्या शेवटी वापरले असते, सुरुवातीला नव्हे.

या पुस्तकाचा वाचक दोन तऱ्हेचा असेल असे मी धरतो. एक, सामान्य डॉक्टर किंवा लॅबवाला. त्याला एवढेच सांगायचे की दोन वेगवेगळ्या यंत्रांवरचे एनएफएलचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एकाच नमुन्याचे दोन आकडे येतात आणि दोन्ही आपल्या जागी बरोबर असतात. सर्वांना मान्य होईल असे समान संदर्भद्रव्य तयार करण्याचे काम अजून चालू आहे. तोवर अहवालावर यंत्राचे नाव छापणे ही लॅबची जबाबदारी आहे. छापत नसतील तर छापून मागा.

दुसरा वाचक म्हणजे ज्याच्या घरात हा आजार आहे तो. बहारीनमध्ये कामाला असलेला मुलगा सातारच्या आईचा अहवाल फोनवर उघडतो, कोपऱ्यातला लाल बाण पाहतो आणि घाबरतो. त्याने आधी आईचे वय, वजन, साखर आणि क्रिएटिनिन त्या अहवालाशेजारी लिहावे. मागचा आकडा असेल तर तो कुठल्या लॅबचा होता ते पाहावे. पुढची चाचणी त्याच लॅबमध्ये करावी आणि मग हे सगळे घेऊन मज्जाविकारतज्ज्ञाकडे जावे. एका आकड्यावर औषध सुरू करू नये आणि एका आकड्यावर थांबवूही नये.